शिडांखालची शाळा

समुद्रावर जाणाऱ्या पुरुषांनी आपल्या जहाजाला स्त्रीचे नाव द्यावे, त्याच्या नाळेवर स्त्रीची मूर्ती कोरावी, इंग्रजांनी तर त्याचा उल्लेखही स्त्रीवाचक सर्वनामाने करावा, आणि प्रत्यक्ष स्त्रीने मात्र त्यावर पाऊल ठेवले तर वादळ ओढवेल असे मानावे, ही युरोपातील दर्यावर्दींची फार जुनी समजूत होती. आपल्याकडचे चित्र पुष्कळसे तसेच. मराठीत होडी, नौका, फत्तेमारी ही सारी स्त्रीलिंगी. जहाज आणि गलबत तेवढे नपुंसकलिंगी. व्याकरणाने इतका उदारपणा दाखविला तरी नारळी पौर्णिमेला सागराला नारळ अर्पण करून झाल्यावर होडीत चढे तो कोळी, आणि किनाऱ्यावर राही ती कोळीण. मासळीचा बाजार तिच्या हाती, व्यवहाराची पिशवी तिच्या कमरेला. सुकाणू मात्र तिच्या हाती येत नसे.

हा मज्जाव केवळ पाऊल ठेवण्यापुरता असता तर त्याचे इतके काही वाटले नसते. खरा मज्जाव होता तो विद्येचा. अथांग पाण्यात आपण नेमके कोठे आहोत हे सूर्य, चंद्र आणि तारे पाहून गणिताने काढावयाचे, ही एक पुरी विद्या आहे. ती पुस्तकात असते खरी, पण पुरती अंगी बाणते ती हलत्या तक्तपोशीवर. जिला जहाजावर चढण्याचीच बंदी, तिला ती विद्या शिकण्याचे प्रयोजन काय, असा तो सरळ हिशेब होता.

त्या हिशेबाला छेद देणाऱ्या काही बायका इतिहासात आहेत. १७६६ साली फ्रेंच कप्तान बूगँव्हिल ह्याच्या पृथ्वीप्रदक्षिणेला निघालेल्या ताफ्यात वनस्पतिशास्त्रज्ञ कॉमेर्साँ ह्याचा मदतनीस म्हणून एक तरुण होता. तो तरुण नव्हता. ती झान बारे नावाची शेतकरी कुळातील स्त्री होती. फ्रेंच आरमारी जहाजांवर स्त्रियांना बंदी असल्याने तिने पुरुषाचा वेष केला, डोंगर-दऱ्यांतून वनस्पतींचे भारे वाहिले, आणि पुढे स्वदेशी परतून पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करणारी पहिली ज्ञात स्त्री म्हणून नाव मिळविले. लंडनमधील जॅनेट टेलर हिची गोष्ट ह्याच्या नेमकी उलट आहे. ही गणिती बाई १८३० नंतरच्या वर्षांत गोदीजवळच्या मिनरीज नावाच्या रस्त्यावर नौकानयनाची शाळा चालवीत असे, कोष्टके प्रसिद्ध करीत असे, होकायंत्रे दुरुस्त करून देत असे. तिच्या हाताखाली शिकलेले पुरुष जगभर जहाजे नेत. बाईंची शाळा मात्र जमिनीवरच.

तिसरी गोष्ट मेरी पॅटनची. तिच्यापाशी थोडे थांबावयास हवे, कारण पुढे सांगावयाचे आहे ते तिच्यावाचून नीट कळणार नाही. १८५६ च्या जुलैत 'नेपच्यून्स कार' हे वेगवान शिडाचे जहाज न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला निघाले. तेव्हा पनामाचा कालवा नव्हता. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला केप हॉर्नला वळसा घालून जावे लागे. कप्तान जोशुआ पॅटन ह्याच्याबरोबर त्याची एकोणीस वर्षांची पत्नी मेरी होती. आदल्या सफरीत वेळ जावा म्हणून ती नवऱ्याकडून नौकानयनाचे गणित शिकली होती. वाटेत कप्तानाने पहाऱ्यात कसूर केल्याबद्दल पहिल्या मेटला कामावरून दूर केले. हॉर्नच्या वादळी पाण्यात कप्तान स्वतः आजारी होऊन शुद्ध हरपून पडला. दुसरा मेट शीडकामात वाकबगार होता, पण त्याला जहाजाचे स्थान काढता येत नव्हते. साऱ्या जहाजावर ती विद्या येणारी माणसे उरली दोन : बडतर्फ झालेला मेट आणि मेरी. मेटने पुन्हा सूत्रे हाती घेण्याची तयारी दाखविली. मेरीने ती नाकारली, आणि खलाशी तिच्या पाठीशी उभे राहिले. ती त्या वेळी गरोदर होती. नवऱ्याची शुश्रूषा करीत आणि रोजचे गणित मांडीत तिने १५ नोव्हेंबर रोजी जहाज सॅन फ्रान्सिस्कोला आणून पोहोचविले. विमा कंपन्यांनी तिला १,००० डॉलरांची भेट दिली. पुढच्याच वर्षी नवरा वारला, आणि १८६१ साली वयाचे चोविसावे वर्ष पुरे होण्याआधी क्षयाने तीही गेली.

अमेरिकेच्या व्यापारी आरमाराची किंग्ज पॉइंट येथील अकादमी १९४३ साली रीतसर सुरू झाली. तिच्या आवारातील रुग्णालयाला पॅटनचे नाव आहे. ह्या अकादमीने मुलींना विद्यार्थी म्हणून प्रवेश दिला तो मात्र १९७४ साली. नाव भिंतीवर, आणि त्या नावाच्या मुली फाटकाबाहेर, असा तो काळ गेला. तेवढ्या काळात मुलींनी समुद्रविद्या कोठे शिकावयाची? त्याचे एक उत्तर एका जुन्या लाकडी स्कूनरवर सापडते.

स्कूनर म्हणजे काय ते आधी सांगितले पाहिजे, कारण हा शब्द ऐकणाऱ्यांत इंदूर-ग्वाल्हेरकडील मंडळीही असतील. मोठ्या युद्धनौकांवर चौकोनी शिडे आडव्या परभणांवर बांधलेली असत. ती सोडावयाची वा गुंडाळावयाची तर माणसांनी उंच डोलकाठीवर चढून परभणावर ओणवे व्हावे लागे. स्कूनरला दोन किंवा अधिक डोलकाठ्या असतात, आणि तिची मुख्य शिडे जहाजाच्या लांबीला धरून लावलेली असतात. कोकणच्या मचव्याचे तिरके शीडही लांबीलाच धरून असते. तत्त्व जवळचे, घडण निराळी. अशा शिडाचा मोठा गुण असा की बहुतेक सारे काम तक्तपोशीवर उभे राहून, दोर ओढून होते. थोडी माणसे पुरतात आणि वाऱ्याच्या बऱ्याच जवळून जाता येते. म्हणून मासेमारांनी स्कूनर उचलली, बंदरातील पायलटांनी उचलली, आणि पुढे शिक्षकांनीही उचलली.

१९१२ च्या मार्चमध्ये जॉर्जिया संस्थानातील सव्हाना येथे ज्यूलिएट लो ह्या बाईंनी अमेरिकेतील बालवीरांगनांची, म्हणजे गर्ल स्काउटची, चळवळ सुरू केली. त्याच्या दुसऱ्या वर्षी, १९१३ साली, दूर उत्तरेस मेन संस्थानात ईस्ट बूथबे येथील राइस बंधूंच्या गोदीतून एक स्कूनर पाण्यात उतरली. ह्या दोन घटनांचा एकमेकींशी तेव्हा काडीचाही संबंध नव्हता. स्कूनरचा आराखडा क्राउनिनशील्ड ह्या नामांकित रचनाकाराचा होता आणि मालक होता शिकागोचा धनाढ्य जॉन बोर्डन. नाव ठेवले 'अ‍ॅडव्हेंचरेस'. मराठीत साहसिनी म्हणता येईल. पण त्या काळच्या इंग्रजीत हा शब्द एखाद्या बाईला लावला तर तो मुळीच आदराचा समजत नसत, हे लक्षात असू द्यावे. तक्तपोशीवर सुमारे १०१ फूट, आणि पुढची काठी धरली तर १३३ फूट लांब अशी ही नौका उत्तर ध्रुवाकडील समुद्रात शिकारीसाठी बांधली होती. न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहास संग्रहालयाला बोहेड जातीचा देवमासा मिळवून देणे हाही एक हेतू होता, आणि त्यासाठी रॉय चॅपमन अँड्र्यूज हा तरुण शास्त्रज्ञ तिच्यावर होता. गोबीच्या वाळवंटात डायनोसॉरची अंडी मिळविणाऱ्या मोहिमेचा नायक म्हणून पुढे जो प्रसिद्ध झाला, तोच हा. देवमासा काही मिळाला नाही. अँड्र्यूजने प्रिबिलॉफ बेटांवर सीलांची चलच्चित्रे मात्र घेतली.

हौशी मालकाचा रस एका मोसमात संपला. १९१४ साली अ‍ॅडव्हेंचरेस सॅन फ्रान्सिस्कोच्या पायलटांना विकली गेली. गोल्डन गेटच्या बाहेर नालेच्या आकाराचा वाळूचा एक प्रचंड बांध समुद्रात बुडालेला आहे. परदेशी जहाज त्यावरून सुखरूप आत आणावयाचे तर स्थानिक पायलट लागतो, आणि त्या पायलटाने जहाजाची वाट पाहात बाहेर खोल पाण्यात थांबावे लागते. धुके असो, वादळ असो, ही स्कूनर त्या ठिकाणी हेलकावत राही. जहाज आले की लहान होडीतून पायलट त्याच्याकडे जाई. अशी ३८ वर्षे गेली. शिडांचा पसारा कमी झाला, इंजिन आले. १९५२ साली पायलटांनी तिला निरोप दिला आणि ती उत्तरेकडे सिएटल शहरी आली. एखाद्या गोदीच्या कोपऱ्यात कुजून जाणे, हेच बहुधा अशा नौकांचे शेवटचे पान असते.

ते तसे झाले नाही, ह्याचे श्रेय मुलींना आहे. गर्ल स्काउट चळवळीने १९३४ सालीच 'मरिनर' नावाची दर्यावर्दी मुलींची शाखा काढली होती. ह्या मुलींजवळ गणवेष होता, गाठींची पुस्तके होती. मोठे जहाज नव्हते. साठीच्या दशकात 'यूथ अ‍ॅडव्हेंचर' नावाच्या ना-नफा संस्थेने अ‍ॅडव्हेंचरेस मुलांमुलींच्या सफरींसाठी हाती घेतली, आणि अर्नेस्टिन बेनेट नावाच्या बाईंनी दोन दशकांहून अधिक काळ हे काम नेटाने चालविले. सी स्काउटचे मुलगे येत, शाळा येत, आणि मरिनर मुली येत. उन्हाळ्यात त्यांनी नौका चालवावी आणि मोसम संपला की खरवडावी, घासावी, रंगवावी. जहाजाने मुलींना शिकवावे आणि मुलींनी जहाज जगवावे, असा हा व्यवहार होता. त्यात दयाधर्माचा भाग नव्हता, आणि मला वाटते त्यामुळेच तो टिकला.

ह्याचे प्रत्यंतर त्याच शहरात आहे. 'वावोना' ही १८९७ साली बांधलेली तीन डोलकाठ्यांची स्कूनर सिएटलच्या नागरिकांनी १९६४ साली विकत घेतली. राष्ट्रीय वारशाच्या नोंदवहीत नाव चढलेल्या पहिल्या जहाजांत ती होती. प्रेम करणाऱ्यांची उणीव नव्हती. पण ती धक्क्याला बांधून राहिली. समुद्राच्या खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाचे गोडे पाणी लाकडाचा अधिक नाश करते, आणि ज्या जहाजावर रोज कोणी फिरत नाही त्याच्या सांध्यांत शिरलेले पाणी कोणाच्या ध्यानात येत नाही. २००९ साली वावोना तोडावी लागली. अ‍ॅडव्हेंचरेसला १९८९ साली राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला तेव्हा ती पाण्यावर होती आणि तिच्या सुकाणूवर पोरेपोरी होती. त्याच सुमारास 'साउंड एक्सपीरियन्स' ह्या संस्थेने तिच्यावर समुद्रविज्ञानाचे शिक्षण सुरू केले. पोर्ट टाउन्सेंड येथे दर हिवाळ्यात थोडे थोडे करून तिच्या जुन्या फळ्या बदलण्यात आल्या, आणि शंभरी ओलांडल्यावरही ती सफरीला जाऊ लागली. केवळ मुलींसाठी राखलेल्या सफरीही त्यांत आल्या.

अशा सफरीत मुली शिकतात काय? सहलीला गेलेला माणूस कठड्याला टेकून पाणी पाहतो. येथे टेकावयास सवड नसते. साऱ्या मुलींच्या पाळ्या पाडलेल्या असतात. एक पाळी कामावर, दुसरी जेवणात किंवा झोपेत. एकीने नाळेवर उभे राहून पुढचे तरंगते ओंडके पाहावयाचे, एकीने सुकाणू धरावयाचे, एकीने ठरल्या वेळी खाली जाऊन तळाशी किती पाणी साचले ते पाहून वहीत लिहावयाचे. ही शेवटची नोंद दिसायला क्षुल्लक. परंतु लाकडी जहाजाची सारी इभ्रत तीवर असते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीने मध्यरात्री कंदील घेऊन खाली जावे, पाणी मोजावे, सही करावी, आणि बाकीच्यांनी त्या सहीच्या भरवशावर झोपावे, ही गोष्ट घरात सहसा घडत नाही. शाळेत तर नाहीच.

मुख्य शीड चढविण्याचा प्रसंग तर पाहण्यासारखा. हे शीड चौकोनी असते आणि त्याच्या माथ्याला एक जड काठी असते. तिचे आतले टोक एका दोराने वर जाते, बाहेरचे दुसऱ्याने. दोन्ही दोरांना मुलींच्या दोन रांगा लागतात. एका रांगेने जोर अधिक केला तर काठी तिरपी होऊन अडकते. म्हणून कोणाला घाई करता येत नाही आणि कोणाला अंग चोरताही येत नाही. ताल धरण्यासाठी गाणे म्हणतात. आपल्याकडे नांगर ओढताना तांडेल 'हैस्सा' म्हणवून घेतो, त्याच जातीचे ते गाणे. काठी पुरेशी वर गेली की आतली रांग थांबते, बाहेरची ओढत राहते, आणि सुरकुतलेले कापड एकाएकी ताठ होऊन वाऱ्याने भरते. एकट्या बलवान माणसाच्याने हे होत नाही. बायकांच्या अंगी ताकद कमी म्हणून जहाजाचे काम त्यांना झेपणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी हा दोर एकट्याने ओढून पाहावा. कप्पी हे यंत्र मुळी एकट्याची ताकद पुरत नाही म्हणूनच निघाले.

आणि मग नकाशा. प्यूजेट साउंड हा प्रदेश म्हणजे डोंगरांमध्ये घुसलेली समुद्राची गुंतागुंतीची शाखा. १७९२ साली जॉर्ज व्हँकूव्हरने आपल्या पीटर प्यूजेट ह्या अधिकाऱ्याचे नाव तिला दिले. सॅलिश लोक त्यापूर्वी कितीतरी पिढ्या देवदाराच्या होड्यांतून तेथे वावरत होतेच. येथे भरती-ओहोटीचे पाणी अरुंद खिंडींतून नदीसारखे धावते. वारा अनुकूल असून पाणी प्रतिकूल असेल तर शिडे फुगलेली आणि नौका जागच्या जागी, असा प्रकार होतो. भरतीचे कोष्टक पाहून निघण्याची वेळ ठरवावी, कोन मोजून नकाशावर रेघ ओढावी, आणि तासाने आपण त्या रेघेवर आहोत की नाही ते पाहावे. जॅनेट टेलर जे शिकवी आणि मेरी पॅटनला जे येत होते, त्याचे हे पहिले पाठ. चुकले तर गुण कापले जात नाहीत. खडक जवळ येतो. अर्थात कप्तान शेजारी असतोच, आणि अलीकडे ती पुष्कळदा कप्तानीणच असते.

ह्या पाण्यात ऑर्का नावाचे काळे-पांढरे मोठे जलचर राहतात. त्यांची कुटुंबे मातृप्रधान असतात. मुलगे मोठे झाले तरी आईला सोडीत नाहीत, आणि मासे कमी असतात त्या वर्षी बहुधा वयोवृद्ध आजी पुढे राहून कळपाला भक्ष्याकडे नेते. शास्त्रज्ञांनी हे बरीच वर्षे निरीक्षणे करून ठरविले. तक्तपोशीवरच्या मुलींना ते सांगितले की त्या फारशा चकित होत नाहीत असे म्हणतात.

आपल्या देशाचा ह्या कथेशी संबंध दोन ठिकाणी येतो, आणि पहिला बराच आडवाटेचा आहे. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईच्या गोदीतून जमशेटजी बमनजी वाडिया ह्यांनी सागवानी लाकडात बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही ब्रिटिश आरमाराची फ्रिगेट पाण्यात उतरली. पुढे तिचे नाव बदलून 'फूद्रॉयाँ' झाले, आणि विसाव्या शतकात १९८६ पर्यंत इंग्लंडमध्ये तिच्यावर तरुण मुलामुलींना समुद्रजीवनाचे शिक्षण दिले जाई. सध्या ती आपले मूळ नाव परत घेऊन हार्टलपूल येथे संग्रहालय म्हणून उभी आहे. मुंबईच्या सुतारांनी घडविलेल्या जहाजावर इंग्रज मुली शिकल्या. मुंबई बंदरात १९२७ पासून उभ्या असलेल्या 'डफरिन' ह्या शिक्षणनौकेवर मात्र भारतीय मुलगेच शिकले. स्वतंत्र भारताच्या व्यापारी नौदलाला डफरिनने नामांकित अधिकारी दिले हे खरेच आहे, पण त्यांत मुलगी एकही नव्हती.

दुसरा संबंध ताजा आहे आणि गोव्याशी आहे. २००९–१० मध्ये कमांडर दिलीप दोंदे ह्यांनी 'म्हादेई' ह्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. म्हादेई गोव्यात रत्नाकर दांडेकर ह्यांच्या गोदीत बांधलेली. ह्याच दोंदे ह्यांनी पुढे नौदलातील सहा तरुण स्त्री-अधिकाऱ्यांना शिडाच्या नौकेचे शिक्षण दिले. ते शिक्षण फळ्यावरचे नव्हते. २०१६ मध्ये त्या म्हादेईवरून मॉरिशसला गेल्या, वर्षअखेरीस केपटाउनकडे निघाल्या, आणि मग दांडेकरांच्याच गोदीत त्यांच्यासाठी ५५ फुटांची 'तारिणी' तयार झाली. ती स्कूनर नव्हे. एका डोलकाठीची आधुनिक नौका. १० सप्टेंबर २०१७ रोजी लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी ह्यांच्या नेतृत्वाखाली ती गोव्याहून निघाली आणि सुमारे २१,६०० सागरी मैल कापून २१ मे २०१८ रोजी परतली. जानेवारी २०१८ मध्ये तिने केप हॉर्न ओलांडले. मेरी पॅटनने हे टोक पूर्वेकडून पश्चिमेला, त्या समुद्रातील कायमच्या वाऱ्याच्या तोंडावर पार केले होते. तारिणी पश्चिमेकडून पूर्वेला गेली. वारा मागचा असला तरी लाट तीच होती. परतीच्या वाटेवर तारिणीचे सुकाणूचे यंत्र बिघडले आणि तिला दुरुस्तीसाठी मॉरिशसला थांबावे लागले.

तीच तारिणी २ ऑक्टोबर २०२४ रोजी पुन्हा निघाली. ह्या वेळी तिच्यावर सहा जणी नव्हत्या. लेफ्टनंट कमांडर दिलना आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ह्या दोघीच होत्या. एक सुकाणूवर असताना दुसरीने झोपावयाचे, अशा पाळीने त्या आठ महिने चालल्या आणि २९ मे २०२५ रोजी गोव्याला पोहोचल्या. तेव्हा मृगाला थोडेच दिवस उरले होते, आणि कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर होड्या ओढून वर घेण्याची लगबग चालली होती.